पॅटच्या बाबांना आणि प्रानच्या आईला स्वतःचं भांडण दिल्याबद्दल

आदरणीय दिग्दर्शक ऑफ नोप्पर्नाच चायविमोन यांना,

स. न. वि. वि.

चाहते तुम्हाला ‘पी ऑफ’ म्हणतात, म्हणजे ऑफदादा. आम्हीही तसंच म्हणतो. पी ऑफ, मराठीत नात्यांवर पटकथा लिहिणाऱ्या आणि लिहायला शिकवणाऱ्या आम्हा काही जणांकडून हे आभाराचं पत्र आहे. तुमच्या थाई मालिकांमधून आम्ही जे उचललं, ते नेमकं काय, हे जाहीरपणे सांगावंसं वाटलं.

दोन मुलग्यांचं प्रेम आणि त्याला घरचा विरोध लिहायचा म्हटलं, की हात सवयीने एकाच वाटेने जातो. दहाव्या भागापर्यंत आईबाप कुठेच दिसत नाहीत. अकराव्यात ते अचानक दारात उभे राहतात, एक थप्पड, थोडी रडारड, ताटातूट. बाराव्यात आईचं मन विरघळतं आणि सगळे एका ताटात जेवतात. थाई बीएलचे (‘बॉईज लव्ह’, म्हणजे मुलग्यांमधल्या प्रेमाच्या मालिकांचे) प्रेक्षक याला ‘अकराव्या भागाचा शाप’ म्हणतात. हे फसतं, कारण त्या आईबापांना स्वतःचं असं काहीच नसतं. ते फक्त अडवायला आलेले असतात आणि वेळ संपली की बाजूला होतात.

‘बॅड बडी’मध्ये (ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, १२ भाग) तुम्ही उलट केलंत. शेजारी शेजारी दोन घरं, बांधकामाच्या सामानाचा एकच धंदा आणि हाडवैर. या घरांतली मुलं, पॅट आणि प्रान, इंजिनिअरिंगला आणि आर्किटेक्चरला जातात, तर तिथेही दोन गटांची मारामारी. पण वैराचं मूळ मुलांमध्ये नाहीच. पॅटचे वडील मिंग आणि प्रानची आई डिसाया हे एकेकाळचे मित्र. एका शिष्यवृत्तीपायी मिंगने तिच्यावर अन्याय केला, आणि ती जखम पुढे दोन्ही घरांनी मुलांच्या अंगावर वाढवली. परीक्षेतले मार्क, खेळ, सगळ्यात तुलना. शाळेत दोघं एकत्र गाणं वाजवतात, तर प्रानची शाळाच बदलली जाते.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संहितेला आता आम्ही एकच चाचणी लावतो, आणि ती तुमच्याकडून घेतली आहे. प्रेमकथा पूर्ण काढून टाका. घरातलं भांडण तरीही उरतं का? उरत असेल तर आईबाप माणसं आहेत. उरत नसेल तर ते फक्त कुंपण आहेत, आणि कुंपणाशी कुणी वाद घालत नाही. ‘बॅड बडी’तून प्रेम काढलं तरी डिसायाचा राग शिल्लक राहतो. म्हणूनच तिच्या घरात प्रानला गुदमरताना पाहून आपल्याला तिचा रागही येतो आणि तिची बाजूही कळते.

दुसरी गोष्ट मात्रेची. यूट्यूबवर तुमच्या वाहिनीचा एक भाग चार तुकड्यांत येतो, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचं वळण लागतं. नवखा लेखक घरचा प्रसंग एकदाच, पण मोठा लिहितो. आम्ही सांगतो, दर दोन भागांत घराचा एक छोटा प्रसंग ठेवा, तीन मिनिटांपेक्षा मोठा नको, आणि त्यात समलिंगी प्रेमाचा उल्लेखही नको. शेजाऱ्याचं नाव निघाल्यावर जेवणाच्या टेबलावर पडलेली शांतता पुरते. असे चार-पाच प्रसंग साठले, की सत्य बाहेर येताना ओरडावं लागत नाही.

आणि मग तो अकरावा भाग! दोष आपल्याच वडिलांचा होता हे पॅटला कळलेलं आहे. दोघं घर सोडून समुद्रकाठी जातात, आणि ज्या जागी प्रेक्षक ताटातुटीची वाट पाहत बसलेले असतात, तिथे तुम्ही त्यांना संथ, सुखाचे दिवस देता. पळून जाण्याचं सुख आधी पूर्ण दाखवलं, म्हणून परत येण्याचा निर्णय हार वाटत नाही. शेवटच्या भागात काही वर्षं लोटलेली असतात, दोघं वेगळे झाले असं वाटतं आणि मग उलगडतं, की हे वेगळेपण घरच्यांना दाखवण्यापुरतं होतं. घरं गळ्यात गळे घालत नाहीत. आमच्या मते ही तुमची सर्वांत धाडसी जागा आहे. आजारपण, अपघात, दवाखान्यातली खाट यांपैकी काहीही वापरून आईबापांना हरवणं सोपं होतं. पण मूल मरेल या भीतीने दिलेला होकार हा समजून दिलेला होकार नसतो, आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

इंकबद्दल वेगळे आभार. शाळेतली जुनी मैत्रीण परत येते तेव्हा अनेक मालिकांत ती कारस्थानी निघते, कारण लेखकाला भांडण लांबवायला कुणीतरी हवं असतं. तुमच्याकडे तीच इंक पॅटच्या बहिणीची, म्हणजे पा हिची, जोडीदार होते. एका घरात दोन मुलं, दोघांचीही प्रेमं अशी, आणि तरी त्याचा गाजावाजा नाही.

‘मूनलाइट चिकन’ (२०२३, फक्त ८ भाग) आम्ही पैशांची ओढाताण कशी लिहावी हे दाखवायला शिकवतो. पट्टायामध्ये जिमचं खाओ मन काईचं दुकान, म्हणजे कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून तिच्याच उकडीच्या पाण्यात शिजवलेला भात आणि वर उकडलेली कोंबडी. रात्रीचा धंदा, डोक्यावर देणी. भाचा ली मिंगला परदेशी कामाला जायचंय, मामाला वाटतं त्याने शिकावं. हे भांडण गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता चालतं. हात कामात असले की माणसं एकमेकांकडे न बघता खरं बोलतात. नुसतं समोरासमोर बसवून लिहिलेला संवाद बहुतेक वेळा भाषण होतो. भाडं कोण भरतं, दुकान कोण उघडतं, घर सोडलं तर झोपायचं कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखकाकडे नसतील तर ‘मी घर सोडतो’ हे वाक्य पोकळ वाजतं.

त्याच मालिकेतला हार्ट. ऐकू येणं बंद झाल्यावर आईवडील त्याला जपतात म्हणजे घरात ठेवतात, पण खुणांची भाषा मात्र शिकत नाहीत. ती शिकतो ली मिंग. इथे घरच्यांनी प्रेमाला विरोध करण्याआधीच ते मुलापासून तुटलेले आहेत, आणि हे एकाही मोठ्या संवादाशिवाय दिसतं.

‘डार्क ब्लू किस’ (२०१९) इथे थोडक्यात. पीट आणि काव हे जोडपं. पीटच्या वडिलांना सगळं माहीत, कावच्या आईला काहीच नाही. दोन्ही घरं सारखीच अडाणी किंवा सारखीच उदार दाखवली असती तर जोडप्यात भांडण उरलंच नसतं. एकाला लपवायची गरज नाही आणि दुसऱ्याला आहे, या असमतोलातूनच त्यांचे खटके उडतात.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. तुमच्या लेखकांपुढे आता लग्नाच्या नोंदणीचा सोपा शेवट उभा राहील, त्याचा मोह तुम्ही आवराल याची आम्हाला खात्री वाटते. आमच्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे मराठी पात्रांना ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, भाड्याच्या घराच्या करारावर नातं काय लिहायचं, असे प्रश्न अजून खरेच आहेत, आणि ते लिहायलाच हवेत.

कुणी विचारतं, आईबाबांसोबत बघायला कुठून सुरुवात करू? आम्ही ‘मूनलाइट चिकन’ सांगतो. त्यात कर्ज, धंदा, भाच्याचं शिक्षण असं मोठ्यांच्या ओळखीचं बरंच आहे, आणि आठच भाग आहेत. आठवड्याला एक भाग, जेवणानंतर. मध्ये थांबवून ‘बघ, हे असं असतं’ असं समजावू नये. आई जिमबद्दल बोलायला लागली की फक्त ऐकावं. बहुतेक आया आधी त्याच्या दुकानाच्या देण्यांबद्दल बोलतात, आणि ती सुरुवात चांगली असते.

तुमच्या लेखकांना आणि विशेषतः आईबापांच्या भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ कलाकारांना आमचे मनापासून आभार कळवावेत. पोस्टरवर त्यांचे चेहरे नसतात, पण मुलांच्या प्रेमाला वजन येतं ते त्यांच्यामुळे.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
मराठीतले काही पटकथाकार