आशाताईंनो, मोतीबिंदूच्या पेशंटसाठी तुमचे आभार

प्रिय आशाताईंनो,

मोतीबिंदूचं ऑपरेशन 15-20 मिनिटांचं. पण डोळा वाचणार की जाणार, हे बरंचसं त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवर ठरतं. ते दिवस तुम्ही सांभाळता, म्हणून हे पत्र.

‘पिकू दे, मग काढू’ हे दारोदार खोडून काढता, त्याचे आभार आधी. पूर्वी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत, जाड काचांचा चष्मा लागायचा, म्हणून लोक थांबायचे. आता थांबलं तर मोतीबिंदू टणक होतो, कधी फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढवतो. दाबाने नस सुकली की भिंग बसवूनही उजेड परत येत नाही.

3 मीटरवरून बोटं मोजायला लावताना दुसरा डोळा तुम्ही पेशंटला बोटांनी झाकू देत नाही, कारण फटीतून दिसतं. तळहाताचा खोलगट भाग, तोही न दाबता. अशानेच एका डोळ्याने काहीच न दिसणारी माणसं सापडतात. पुष्कळांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

साखर, बीपी बघून पाठवता, तेव्हा पेशंटची फेरी फुकट जात नाही. डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा दाबल्यावर पू आला तर तेही आधीच कळवता. त्या पुवातले जंतू ऑपरेशनच्या वेळी थेट डोळ्यात जाऊ शकतात.

खरं मोल मात्र नंतरच्या भेटींचं. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, दोन औषधांमध्ये 5 मिनिटं. नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन टाकतं. वाचता न येणाऱ्या आजींच्या एका बाटलीला तुम्ही दोरा बांधता, म्हणजे कुठली किती वेळा ते हातालाच कळतं.

आणि डोळा दुखायला लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं की घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच.’ तुम्ही म्हणता, ‘आत्ताच्या आत्ता चला.’ आत जंतुसंसर्ग झाला असेल तर सकाळपर्यंत थांबण्यातही नजर जाते. तुमच्या त्या हट्टाचे आम्ही फार ऋणी आहोत.

पुढच्या तपासणीला येताना थेंबांच्या बाटल्याही आणायला सांगा. किती औषध उरलंय, त्यावरून आम्हाला पुष्कळ कळतं.

तुमचे,
नेत्र शिबिराच्या पथकातले सगळे