रविवारच्या गोळीचा शेवटचा रविवार कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आज घरोघरी दिसते. लक्षात राहावे म्हणून बहुतेक जण ती रविवारी घेतात. पण चिठ्ठीवर पुष्कळदा ‘आठवड्यातून एक’ एवढेच असते. किती आठवडे, हे लिहायचे राहून जाते. कमतरता भरून काढण्याचा नेहमीचा कोर्स ८ आठवड्यांचा. त्यानंतर गरज असेल तर महिन्याला एक, म्हणजे हिशेबाने रोज २,००० युनिट. प्रत्यक्षात रिकामी स्ट्रिप दाखवून नवी घेतली जाते आणि वर्ष उलटते. काही जण तर ती रोजची गोळी समजून दररोज घेतात. मोठ्या माणसासाठी स्वतःहून घ्यायची रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट आहे. ही मात्रा तिच्या १५ पट होते.

जादा झालेले डी लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते. म्हणून गोळी बंद केल्यावरही रक्तातले कॅल्शियम कित्येक आठवडे, कधी काही महिने, चढलेले राहते. भूक मरणे, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, सुस्ती ही त्याची लक्षणे. वयस्कर माणसात ती पित्तावर किंवा वयावर ढकलली जातात आणि तोवर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर धोका वाढतो, कारण रक्तदाबाच्या या गोळ्या लघवीतून जाणारे कॅल्शियम अडवतात. अशी लक्षणे दिसताच डी आणि कॅल्शियम थांबवावे, लगेच डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तातले कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) व डीची पातळी तपासावी. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नये.

लोहाच्या गोळीत चूक बहुधा उलटी होते. हिमोग्लोबिन सुधारले की गोळी सोडली जाते. शरीरातला साठा त्यानंतर भरतो, म्हणून ती आणखी सुमारे ३ महिने लागते. पुढे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहून थांबवावी. नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर डोस वाढवत बसू नये, थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्यावी. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) ठरली असेल तर लोह साधारण ७ दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण लोहामुळे होणारा काळा चिकट मल आतड्याला लागून राहतो आणि नीट दिसत नाही.

केसांच्या गोळ्यांकडे तर कोणी औषध म्हणून पाहतच नाही. त्यांत बायोटिन हे ‘बी’ गटातले जीवनसत्त्व ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत असते. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची. एवढ्या बायोटिनने थायरॉइडच्या काही तपासण्या फसतात. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी आणि टी३, टी४ जास्त येतात, आणि नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होण्याची भीती असते. हार्ट अटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन चाचणीही चुकीची कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. थायरॉइडचे रक्त देण्याआधी किमान २ दिवस ही गोळी बंद ठेवावी. छातीत दुखून रुग्णालयात जावे लागले तर ती चालू असल्याचे आधी सांगावे.

‘शरीराला विश्रांती’ म्हणून सगळेच बंद करणेही घातक. काटेकोर शाकाहारी, बरीच वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणारे किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेले यांचे बी१२ आणि गरोदरपणातले लोह व फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘८ आठवडे, मग बंद’ असे स्पष्ट लिहावे आणि औषध दुकानदारांनी स्ट्रिपच्या पाकिटावर शेवटच्या रविवारची तारीख पेनाने टाकून द्यावी, ही आपल्या पत्रामार्फत दोघांनाही कळकळीची विनंती. दुसऱ्यांदा स्ट्रिप मागायला आलेल्या माणसाला ‘पहिली कधी सुरू केली होती?’ एवढे तरी विचारावे.

— एक फार्मासिस्ट वाचक, सातारा