साथीच्या काळात तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत माहिती पोचावी म्हणून : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. महोदय,

१६ जून २०२० रोजी इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारे स्टेरॉइड औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले, तर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, असे दिसले. २७ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते आपल्या उपचारपद्धतीत घेतले. इतक्या लवकर झालेल्या निर्णयाचे कौतुकच करायला हवे. पण त्या निष्कर्षाला दुसरी बाजूही होती. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना या औषधाचा काहीही फायदा झाला नव्हता आणि अपाय होण्याची शक्यता दिसत होती.

पहिली बाजू गावोगाव पोचली. दुसरी वाटेत गळाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजनची पातळी ९७-९८ असताना, स्टेरॉइड सुरू झालेले रुग्ण राज्यभर होते. कित्येकांची साखर तपासलेली नव्हती. नंतर काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. त्याला आटोक्यात नसलेला मधुमेह हे मोठे कारण होतेच, पण गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस दिलेल्या स्टेरॉइडचाही त्यात वाटा होता. मे महिन्यात या बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिन औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरत होते.

हा दोष एकट्या डॉक्टरच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. केंद्राच्या कागदात 'मध्यम आणि तीव्र आजारासाठी' असे लिहिलेले होते. फोनवर फिरलेल्या चिठ्ठ्यांत मात्र औषध आणि डोस एवढेच उरले. औषध कोणाला द्यायचे नाही, ही ओळ सर्वांत आधी गळते, कारण ती लांब असते आणि कोणी विचारलेली नसते. म्हणूनच ती सरकारी पत्रकाच्या माथ्यावर, वेगळ्या चौकटीत छापायला हवी. या पत्रातली आमची मुख्य मागणी एवढीच आहे. बाकी सारे ती पुरी कशी करायची याबद्दल आहे.

आज एखादी सूचना कशी प्रवास करते ते पाहा. दिल्लीहून कागद सचिवांकडे येतो, तिथून आयुक्त आणि संचालक, मग राज्याच्या आठ आरोग्य मंडळांचे उपसंचालक, मग एकीकडे जिल्हा शल्य चिकित्सक आणि दुसरीकडे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. प्रत्येक टेबलावर वर एक पत्र चढते : 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. शेवटच्या डॉक्टरला मिळते ती चार पत्रांखाली दबलेली, तिरकी स्कॅन केलेली प्रत, आणि तिचे परिशिष्ट बहुधा कुठेतरी सुटलेले असते. वैद्यकीय महाविद्यालयांना तीच सूचना वैद्यकीय शिक्षण विभागाकडून जाते, शहरातल्या दवाखान्यांना महापालिकेकडून. तिन्ही कागदांवरच्या तारखा वेगळ्या असतात, कधी मजकूरही. आणि ज्याच्याकडे खेड्यातला तापाचा रुग्ण सर्वांत आधी जातो, त्या बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएस खासगी डॉक्टरपर्यंत यातला एकही रस्ता अधिकृतपणे पोचत नाही. त्याला टीव्हीवरून कळते, नाहीतर औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून.

राज्याच्या कोविड टास्क फोर्सने चांगले काम केले, मे २०२१ मध्ये 'माझा डॉक्टर' उपक्रमातून तज्ज्ञ थेट कुटुंबाच्या डॉक्टरांशी बोलले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या संवादांना मिळालेला प्रतिसाद पाहूनच हे मागायचे बळ येते. फक्त तोवर साथीला चौदा महिने झाले होते. पुढच्या वेळी ही सोय पहिल्या आठवड्यात लागेल, आणि त्यासाठी ती साथ नसतानाच उभी करावी लागेल.

आम्हाला हवे ते पत्रक एका पानाचे असावे. त्याला वर्षभर चालणारा एकच क्रमांक असावा, आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आणि नगरविकास या तिन्ही विभागांनी तेच पान, तसेच, वापरावे. सर्वांत वर 'काय बदलले'. त्याखाली 'आजपासून काय थांबवायचे'. मग 'कोणाला' आणि 'कोणाला नाही'. मग डोस, दिवस आणि देण्याआधी काय तपासायचे. तळाशी तीन गोष्टी : हे किती खात्रीचे आहे, कोणते आधीचे पत्रक रद्द झाले, आणि याचा फेरविचार कोणत्या तारखेला होणार. फेरविचाराची तारीख उलटली की पत्रक आपोआप शंकास्पद मानावे. जून २०२० च्या पत्रकाचा मुख्य भाग या साच्यात असा दिसला असता :

'पत्रक २४. बदल : डेक्सामेथासोन आता वापरायचे. कोणाला : ज्याला ऑक्सिजन लावावा लागतो त्याला. कोणाला नाही : ऑक्सिजन ९४ किंवा वर आणि श्वासाचा वेग मिनिटाला २४ च्या आत असलेल्याला, ताप कितीही असो. डोस : ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. नसेल तर प्रेडनिसोलोन ४० किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ३२ मिलिग्रॅम. आधी : साखर तपासा, नंतरही रोज तपासा. खात्री : मोठ्या चाचणीतून आलेली, भक्कम.'

खात्रीच्या ओळीवर आमचा विशेष भर आहे. ती नसली की सगळ्या सूचना सारख्याच वजनाच्या वाटतात. प्लाझ्मा थेरपीचे, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णाला देण्याचे, उदाहरण घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतल्या, ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, हे २०२० च्या शरद ऋतूतच प्रसिद्ध झाले होते; राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून ती निघाली १७ मे २०२१ रोजी. मधल्या काळात, ऐन लाटेत, दात्यांसाठी आर्जवे चालू होती. रेमडेसिविरचेही तसेच. २० नोव्हेंबर २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस करत नसल्याचे सांगितले. आपल्याकडे ते ऑक्सिजन लागणाऱ्या निवडक रुग्णांपुरते, लक्षणांच्या पहिल्या १० दिवसांत, 'विचारात घेता येईल' अशा शब्दांत राहिले. पहिल्या दिवशी २०० आणि पुढचे चार दिवस १०० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्येकी सहा कुप्या. एप्रिल २०२१ मध्ये त्या सहा कुप्यांसाठी लोकांनी दागिने मोडले. 'खात्री : कमी, हे मिळाले नाही म्हणून उपचार अपुरे ठरत नाहीत' एवढे वाक्य सरकारी पत्रकावर असते, तर खेड्यातला डॉक्टर ते नातेवाइकांना दाखवू शकला असता. त्याच्या एकट्याच्या शब्दाला त्या गर्दीत वजन नव्हते.

आता पोचवण्याविषयी, कारण चांगला मजकूरही इथेच अडतो.

व्हॉट्सअॅप ग्रुप हे अधिकृत साधन मानू नये. ग्रुपमध्ये सकाळच्या शुभेच्छांखाली सूचना बुडते, आणि सहा महिन्यांपूर्वीचा कागद कोणीतरी आजचा म्हणून पुढे ढकलतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर साठवलेला नाही, त्यांना संदेश जातच नाही. एसएमएस सगळीकडे पोचतो, पण देवनागरीतल्या एका संदेशात ७० अक्षरचिन्हेच मावतात. काना, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. तेव्हा 'काय बदलले' ही ओळ लिहितानाच ७० च्या आत बसवावी : 'डेक्सा: फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यांना. इतरांना नको. पत्रक २४'. शिवाय घाऊक एसएमएसचा साचा डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर मोबाइल कंपनी तो अडवते. साथ आल्यावर ही मंजुरी मागत बसणे परवडणार नाही. साचे आत्ताच नोंदवून ठेवावेत.

पत्रकाची फाइल युनिकोड मजकुराची असावी, स्कॅनची नको, म्हणजे फोनवर शोधता येते आणि हलक्या नेटवर्कवरही उघडते. फाइलच्या नावातच क्रमांक आणि तारीख हवी. पानावरचा क्यूआर नेहमी ताज्या पत्रकाकडे न्यावा, आणि नेट नसेल तिथे पत्रकाचा क्रमांक एसएमएसने पाठवला की 'चालू' किंवा 'रद्द' एवढे उत्तर यावे. वेळ दुपारी दोनची ठेवा. सकाळची ओपीडी उरकलेली असते आणि संध्याकाळच्या आधी वाचायला उसंत मिळते. रात्री अकराला निघून सकाळपासून लागू होणारे आदेश कोणीच नीट वाचत नाही. पत्रकार परिषद मात्र दोननंतर, निदान दोन तासांनी घ्यावी. रुग्णाला आधी आणि डॉक्टरला नंतर कळले, की त्या दिवशीचा सगळा वेळ समजूत घालण्यात जातो.

नंबर कुठून आणायचे? नोंदणी तिन्ही परिषदांकडे आहे : महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, भारतीय चिकित्सा पद्धतींची परिषद आणि होमिओपॅथीची परिषद. पण त्यातले पत्ते अनेकदा शिक्षण घेतलेल्या गावाचे असतात. नूतनीकरणाच्या वेळी 'सध्या दवाखाना कोणत्या तालुक्यात' एवढा एक रकाना सक्तीचा करावा, आणि वर्षातून दोनदा चाचणी संदेश पाठवून कोणत्या तालुक्यात किती जणांनी चार तासांत पोच दिली ते पाहावे. ज्या तालुक्यात दहापैकी निदान नऊ जणांपर्यंत संदेश पोचत नाही, तिथे तालुका आरोग्य अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन यादी दुरुस्त करावी.

काही माहिती राज्यभर एकच चालत नाही. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथल्या डॉक्टरला 'ऑक्सिजन ९० च्या खाली गेल्यास रेफर करा' असे सांगणे पुरेसे नाही. त्याला हिशेब द्यावा लागतो : भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर, मिनिटाला ५ लिटरने पाच तास, १० लिटरने अडीच. डी टाइपमध्ये सुमारे ७०००, म्हणजे १० लिटरने साधारण साडेअकरा तास. त्यावरून त्याने ठरवायचे की ९३ ला निघायचे की थांबायचे. म्हणून पत्रकाच्या मागच्या बाजूला जिल्ह्याचा भाग असावा : आज कोणत्या रुग्णालयात ऑक्सिजनची खाट आहे, नमुने कुठे आणि किती वाजेपर्यंत घेतात, निकालाला किती तास लागतात. स्वॅब २ ते ८ अंशांत ७२ तासच टिकतो. गाडी एक दिवसाआड जात असेल, तर ही ओळ पहिली हवी.

सीमेवरच्या तालुक्यांना आणखी एक अडचण असते. दोडामार्ग, सावंतवाडीचे रुग्ण गोव्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातात, चंदगडचे बेळगावला. १० मे २०२१ रोजी गोव्याने १८ वर्षांवरील सर्वांना कोविड टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध, १२ मिलिग्रॅम, ५ दिवस, देण्याचे जाहीर केले. दोडामार्गच्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी विचारणा होणारच. शेजारच्या राज्याचा निर्णय आणि त्यावर आपले मत काय, हे त्याला चोवीस तासांत कळले पाहिजे.

आणि माहिती वरही जायला हवी. विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी करणारे ज्ञान महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ बसून मिळवले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. आजार नोंदवण्याच्या केंद्राच्या ऑनलाइन व्यवस्थेत (आयएचआयपी) मुख्यतः आकडे भरले जातात. 'या आठवड्यात घरेच्या घरे आजारी पडताहेत, पूर्वी असे नव्हते' हे निरीक्षण त्यातून सहज वर जात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढू लागले, आणि राज्यातल्या नमुन्यांत नवी उत्परिवर्तने वाढल्याचे केंद्राने जाहीर केले २४ मार्चला. अशा वेळी दवाखान्यातले निरीक्षण प्रयोगशाळेच्या आधी येऊ शकते. आठ मंडळांत प्रत्येकी एक दूरध्वनी द्या, सकाळी आठ ते रात्री दहा, आणि त्यावर फिजिशियन बसवा, ऑपरेटर नको. प्रश्नाला चोवीस तासांत उत्तर, तेही 'अजून माहीत नाही' असले तरी. आठवड्याचे प्रश्न आणि उत्तरे नावे वगळून सर्वांना पाठवा.

हे करून पाहायला पुढच्या साथीची वाट पाहू नये. फ्लू दर पावसाळ्यात येतोच. येत्या जूनमध्ये पुणे आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, सरकारी आणि खासगी सर्व डॉक्टरांना, फ्लूचे पहिले पत्रक पाठवावे : ओसेल्टामिविर मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस, शक्यतो ४८ तासांच्या आत, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दमा किंवा मधुमेह असलेल्यांसाठी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता, धडधाकट तरुणाच्या साध्या सर्दी-खोकल्याला नको. किती जणांनी ते चार तासांत उघडले, किती प्रश्न आले आणि कितींना वेळेत उत्तर मिळाले, हे आकडे कितीही कमी भरले तरी सप्टेंबरअखेर सर्व डॉक्टरांसमोर ठेवावेत.

आपले,
तालुका आणि जिल्हा पातळीवर काम करणारे काही डॉक्टर