बाई, संस्था दोघांची झाली

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही, शाळेचं नाव घ्यायचं नाही आणि "उगाच देव्हाऱ्यात बसवायचं नाही" अशा तुमच्या तीन अटी मान्य करून हे जाहीर पत्र लिहितो आहे. पहिल्या दोन पाळतो. तिसरीचं बघू.

कंपनी निबंधकांकडून नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था), फोंडा तालुक्यातला पत्ता, दोन संचालक. त्यातला दुसरा संचालक नुसता सहीपुरता नाही, हे तुमच्यामुळे. गोव्यात संस्था काढायच्या खटपटीत असलेली मंडळी बरीच आहेत. त्यांच्यातल्या कुणाला तुमची पद्धत उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून पत्र टपालाने न धाडता उघड लिहितोय.

वाचकांना आमचं काम थोडक्यात सांगायला हवं. हायस्कूलच्या मुलांना आणि शिक्षकांना आम्ही मराठीतून एआय सुरक्षितता शिकवतो. एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि ओटीपी कुणाला देऊ नये यावर बोलायला लागतो. तोही विषय महत्त्वाचा, पण तो पोलीस चांगला शिकवतात. आमचा प्रश्न निराळा. यंत्राला काम सांगितलं, त्याने ते सांगितल्या बरहुकूम केलं आणि तरी आपल्याला हवं होतं ते झालंच नाही, तर? आणि ही यंत्रं आणखी हुशार होत जातील तेव्हा त्यांना आवरायचं कसं?

हे समजवायला मी पहिल्यांदा तुमच्या सोप्यावर येऊन बसलो तेव्हा चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं होडीचं उदाहरण सांगितलं होतं. कोस्टरनर्स नावाचा शर्यतीचा व्हिडिओ गेम. संगणकाने होडी हाकायला शिकायचं, बक्षीस म्हणून गेममधले गुण. पण गुण शर्यत संपवण्याचे नव्हते, वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे होते. त्या होडीने एक आडबाजूची जागा हेरली. तिथे पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्यं टिपत ती गोल गोल फिरत राहिली. दुसऱ्या होड्यांवर आदळली, पेटली, उलट्या दिशेने गेली, शर्यत काही पुरी केली नाही. आणि गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त!

तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "म्हळ्यार आमचीं भुरगीं." म्हणजे आमची मुलंच की. प्रमेय न कळता पायऱ्या पाठ करून पैकीच्या पैकी घेणारी मुलं तुम्ही वर्षानुवर्षं तपासलेली. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात साधारण हेच मांडलं होतं की एखाद्या आकड्याच्या आधारे कारभार हाकायला लागलं की तो आकडाच भरवशाचा राहत नाही. तुम्हाला गुडहार्ट लागला नाही, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुरला. आमचा पहिला पाठ आता परीक्षेपासूनच सुरू होतो. होडी मागाहून येते.

आता सहसंस्थापकाकडे येतो. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी काढायची तर सात माणसं लागतात. सेक्शन ८ खाली प्रायव्हेट लिमिटेड केली तर दोन संचालकांवर भागतं. माझ्यापुढे सोपा रस्ता होता तो म्हणजे दादाचं नाव घालून मोकळं व्हायचं. दादा तयारही होता, सही कशावर करायची हेसुद्धा त्याने विचारलं नव्हतं. पण तुम्ही एका शिक्षणसंस्थेच्या चिटणीस म्हणून निम्मं आयुष्य काढलेलं. बायको खजिनदार, मेव्हणा सदस्य आणि वार्षिक सभा जेवणाच्या पानावर, असल्या संस्था तुम्हाला नव्या नाहीत. (आम्हालाही नाहीत.) तुम्ही उपदेश केला नाहीत. एवढंच विचारलंत, "तू चुकतोस असं दादा तुला शेवटचं कधी म्हणाला?"

मग मी "सहसंस्थापक हवा" म्हणून पानभर मजकूर तयार केला. मशीन लर्निंगचा अनुभव, अलाइनमेंटवरचे (यंत्राचं वागणं माणसाच्या हेतूशी जुळवण्यावरचे) शोधनिबंध वाचलेले असावेत, पूर्ण वेळ देता यावा, वगैरे. तुम्ही तो दोनदा वाचलात. "तुका सांगाती जाय काय तुजीच सावळी?" तुला सोबती हवा की तुझीच सावली?

आणि गृहपाठ दिलात. पहिल्या वर्षात करायची कामं लिहून काढ, आणि प्रत्येकासमोर ते आज कोण करू शकतं ते लिही. मी लिहायला बसलो. नववीच्या मुलांना समजेल असा मराठी मजकूर तयार करणं. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर ताटकळणं. शिक्षकांना "आणखी एक उपक्रम" वाटणार नाही अशा बेताने वेळापत्रकात तास मिळवणं. पावत्या जपणं. वर्गात मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणं. यादी वाढत गेली आणि मशीन लर्निंग जिथे लागेल अशा ओळी तळाशी थोड्याशाच उरल्या. त्यांच्यासमोर माझं नाव होतंच. बाकी रकाने रिकामे.

इथे एका गोष्टीवर आपलं अजून पटत नाही, ते नोंदवून ठेवतो. त्या तळाच्या ओळी "कोणाकडून तरी विचारून घेता येतील" असं तुमचं म्हणणं. मला ते मान्य नाही. विषयात खोल उतरलेलं माणूस संस्थेत नसेल, तर वर्षभरात आपण नुसती भीती विकायला लागतो किंवा नुसतं कौतुक. दोन्हीला गिऱ्हाईक भरपूर आहे.

मधल्या काळात जे भेटले त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. एकाला मुलांसाठी एआय अ‍ॅप काढायचं होतं, सुरक्षितता चवीपुरती. एकाने पहिल्याच फोनवर परदेशी निधी किती मिळेल ते विचारलं. दुसरा प्रश्नच नव्हता. त्याला सांगण्यासारखं बरंच होतं. या क्षेत्राला पैसा देणारे बहुतेक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, आणि आपल्याकडे एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे नोंदणी मिळवायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी, तिने त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पूर्वपरवानगीची वाट आहे, पण कालच जन्मलेल्या संस्थेने त्या आशेवर चूल मांडू नये. हे ऐकून त्याचा फोन पुन्हा आला नाही.

आणि मग तुम्ही तिचं नाव काढलंत. सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलची विज्ञानशिक्षिका. एआयशी तिचा संबंध इतकाच की मुलं प्रकल्पाच्या वह्या चॅटबॉटकडून उतरवून आणतात आणि तिला ते ओळखू येतं. मी विचारलं, हीच का? तुम्ही बालनाट्य स्पर्धेची हकीगत सांगितलीत. तुम्ही परीक्षक होता, तिच्या शाळेच्या नाटकाचा निकाल तिला पटला नाही. ती गुणपत्रिका घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली आणि रकान्यागणिक वाद घातला. निकाल काही बदलला नाही. त्यानंतर सगळे पांगले तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या उचलून लावायला तीच थांबली होती. तुमच्या मते एवढी पात्रता पुष्कळ झाली.

आमची पहिली भेट चांगली झाली नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी मे २०२३ मधल्या त्या निवेदनापासून सुरुवात केली. जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्यासारख्या एआयमधल्या नामवंत संशोधकांनी सही केलेलं, एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्धाच्या जोडीने जगाचं प्राधान्य असावं असं सांगणारं. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडात ब्लेचली पार्कला एआय सुरक्षिततेच्या परिषदेसाठी देश जमले, भारतानेही जाहीरनाम्यावर सही केली, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या वर्गातली एक मुलगी रात्री चॅटबॉटशी बोलते आणि तो तिच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणतो. मला तिची काळजी आहे. तुमची मानवजात नंतर." तिचा मुद्दा हवेतला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटबॉटमागच्या आपल्या एका मॉडेलची सुधारणा मागे घ्यावी लागली होती, कारण ते वापरणाऱ्याची भलतीच री ओढायला लागलं होतं.

जगभर या क्षेत्रात हीच फूट आहे. आजचं नुकसान आधी की उद्याचा धोका आधी यावरून मोठमोठे अभ्यासक एकमेकांशी नीट बोलत नाहीत. तुमच्या सोप्यावर ती फूट चहाच्या दोन कपांमध्ये येऊन बसली होती. तुम्ही निवाडा केला नाहीत. तिला माझी बाजू कागदावर लिहायला लावलीत आणि मला तिची. अट अशी की ज्याची बाजू आहे त्याने "होय, मला हेच म्हणायचं आहे" म्हणून खाली सही केल्याशिवाय वाद पुढे न्यायचा नाही. माझा कागद तिने परत केला. पुन्हा केला. तिची सही मिळेपर्यंत मला कळून चुकलं होतं की ती मुलगी आणि ती होडी एकाच धड्यात बसतात. यंत्राला माणूस खूश झाल्याचे गुण मिळाले, आणि त्याने माणसाच्या भल्याऐवजी खुशी टिपायला घेतली.

तरी तुम्ही नोंदणीचे कागद हातात घेऊ दिले नाहीत. आधी दोघांनी मिळून शिकवा म्हणालात, तेही तुम्ही शब्द टाकलेल्या शाळांत. एका वर्गात आम्ही चॅटबॉटला गावच्या जत्रेबद्दल विचारलं. त्याने भलताच महिना ठासून सांगितला. मुलं हसली. एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मग त्याला 'मला माहीत नाही' म्हणायला का शिकवत नाहीत?" मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या भावी सहसंस्थापकाने उलटा प्रश्न टाकला, "परीक्षेत उत्तर येत नसेल तर तू जागा कोरी सोडतेस?" वर्ग एका सुरात म्हणाला, नाही, काहीतरी लिहितो! सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाचं सार तेच होतं. या मॉडेलांच्या चाचण्यांत कोऱ्या जागेलाही शून्य आणि चुकीच्या उत्तरालाही शून्य, म्हणून अंदाज ठोकणं फायद्याचं ठरतं. मी तो निबंध वाचलेला होता, तिने नव्हता. आणि वर्गाला तो तिने शिकवला. जोडीदार मिळाला हे मला त्या तासाला कळलं.

यानंतरचा कागद मात्र तुम्ही कुणा वकिलालाही जमणार नाही इतक्या बारकाईने करून घेतलात. सेक्शन ८ मध्ये नफा वाटता येत नाही, तेव्हा हिस्सा किती हा स्टार्टअपवाल्यांचा वाद आमच्यात नव्हता. पण वाद घालायला माणसाला पैसाच लागतो असं नाही, हे चिटणीसपदावरून तुम्ही पाहिलेलं. बँकेत सह्या दोघांच्या. पाठात काय जावं यावर मतभेद झाला तर वर्गातल्या भाषेबाबत तिचा शब्द अखेरचा, तांत्रिक अचूकतेबाबत माझा. एकजण सोडून गेला तर पाठ संस्थेचे राहतील, पण जाणाऱ्यालाही ते शिकवता येतील. एआय कंपन्यांकडून पाठांसाठी पैसे घ्यायचे नाहीत. यावर ती ठाम होती, मी कुरकुरलो, शेवटी ठराव झाला. तिने नोकरी सोडायची नाही, आणि तिच्या शाळेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी फाइलला लागल्याशिवाय अर्ज भरायचा नाही, ही तुमची भर. माझ्या मूळ मजकुरातलं "पूर्ण वेळ" तिथेच गळालं.

तुम्ही संचालक व्हावं म्हणून आम्ही दोघांनी गळ घातली. तुम्ही नाही म्हणालात. "मी आत आल्यार तुम्ही एकमेकांक सोडून म्हजेकडेन बोलतले." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तर बाई, आभार. जोडीदार शोधून दिल्याबद्दल आहेतच. त्याहून जास्त, शोध घाईघाईने संपवू न दिल्याबद्दल. सत्तरीतल्या आणि डिचोलीतल्या मुख्याध्यापकांना केलेल्या त्या फोनांबद्दल, ज्यांचा तुम्ही कधी उल्लेखही करत नाही. तिच्या वतीनेही लिहितोय, पण ती म्हणते की स्पर्धेचा निकाल तिला आजही मान्य नाही, आणि हे पत्रात आलंच पाहिजे. आलं.

तिसऱ्या पाठाचा खर्डा सोबत पाठवला आहे. पान चारवरचं उदाहरण मला बरं वाटतं, तिला नाही. आम्ही एकमेकांच्या कागदावर सह्या केल्या आहेत, आता लाल पेन तुमच्याकडे. हिशोबाच्या वह्या मार्चअखेर घेऊन येतो.

तुमचा,
दहावी 'ब' मधला, भूमितीत काठावर पास झालेला विद्यार्थी