मेडिकलवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. तुमच्या मुलीला सांगून ठेवलंय की दुकानाचं शटर ओढलं की बाबांना हे वाचायला लाव, कारण समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "ठीके ठीके, सुट्टे आहेत का" म्हणून विषयच बदलता.

परवा डॉक्टर परत म्हणाले, माझ्या संधिवाताचं, म्हणजे आरएचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), रेमिशन टिकून आहे, आजार शांत आहे. एकही सांधा सुजलेला नाही, दाबला तरी दुखत नाही, रक्तात सूज दाखवणारी सीआरपी नॉर्मल. हे असं आता बरीच वर्षं चाललंय. श्रेय डॉक्टरांना आहेच, आरएसाठीची अँटी सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तेव्हा त्यांनी वेळ न घालवता मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली म्हणून बोटं वाकडी व्हायची वाचली. पण डॉक्टर भेटतात तीन महिन्यांतून एकदा हो, मधले सगळे दिवस रविवार कारंजाजवळच्या बोळातल्या तुमच्या काउंटरनेच सांभाळलेत.

पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन आले तेव्हा माझी काय अवस्था होती तुम्ही बघितलीये. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मूठ मिटायची नाही, कात्रीच्या कड्यात अंगठा शिरायचा नाही, दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवणारी बाई आणि स्वतःचे हुक लावायला शेजारच्या पोरीला हाक मारायची. तुम्ही स्ट्रिप काढलीत आणि आधी विचारलंत, "ताई, कुठला वार?" मला कळेचना. मग तुम्ही समजावलंत की ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही, कितीही दुखलं तरी जास्तीची नाही, आणि फॉलिक अ‍ॅसिड त्या दिवशी सोडून. मी म्हटलं रविवार रात्र, सकाळची मिसळ मी सोडणार नाही, सोमवारी मळमळलं तर मळमळू दे. तुम्ही हसलात आणि काळ्या मार्करने स्ट्रिपवर मोठ्ठं लिहिलंत, 'फक्त रविवार'. तेव्हापासून प्रत्येक स्ट्रिपवर लिहिता, मला पाठ असलं तरी.

त्या मार्करची किंमत कळली ती डेंग्यूच्या वेळी. अ‍ॅडमिट होते, घरी सोडताना तिथल्या कार्डावर कुणीतरी माझ्या जुन्या गोळ्या उतरवून काढल्या आणि मेथोट्रेक्सेटपुढे लिहिलं 1-0-0. म्हणजे रोज सकाळी एक. आमचे हे तेच कार्ड घेऊन तुमच्याकडे आले, घाईत, गाडी चालूच ठेवून. तुम्ही बाकीचं सगळं दिलंत आणि ती गोळी काही दिली नाहीत. म्हणालात गाडी बंद करा आणि बसा. माझ्या रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावलात, लागेना, परत लावलात. ते म्हणाले आत्ता ही गोळी अजिबात नको, आधी ताप जाऊ दे, रक्तपेशींची सीबीसी तपासणी करा, प्लेटलेट वर येऊ देत मग बघू. ती गोळी रोज पोटात गेली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणसं दगावलीयेत यात. आधीच प्लेटलेट खाली असलेल्या बाईचं काय झालं असतं ते मला लिहायचं पण नाही.

आणि 2020 चा मार्च. आमच्या आजाराच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गोळीचं नाव कोरोनासाठी टीव्हीवर आलं आणि ज्याला त्याला ती गोळी घरात हवी झाली, पुढे सरकारने चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधनं कडक केली पण तोवर बाजारातून माल गायब. तुम्ही दुकानातल्या स्ट्रिपा आधीच मागे नेऊन ठेवल्या होत्यात, ल्युपसवाल्या आणि आमच्यासारख्या आरएवाल्या जुन्या पेशंटसाठी. दारात तिप्पट पैसे देणारे उभे होते म्हणे, मुलीने सांगितलं, तुम्ही कशाला सांगाल.

घरच्यांचं एकच पालुपद, बरी झालीस ना मग गोळ्या कशाला. अहो गोळ्या चालू आहेत म्हणून तर बरी आहे! आमच्या जाऊबाईंना मी सांगून थकले होते, तुम्ही काउंटरवरच सांगितलंत की कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतील, एकदम बंद केली की बऱ्याच जणांना परत उसळतं. त्या गप्प बसल्या, जे सहसा होत नाही. आणि डॉक्टरांनी हळूहळूच कमी केली, मेथोट्रेक्सेट आठवड्याला 20 मिलिग्रॅमवरून आता 10 वर आलेय, स्टेरॉइड तर कधीच सुटलं. बाकी पथ्यं आहेतच, लिव्हरच्या एसजीपीटीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय तुम्ही पुढचा महिना देत नाही, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे डोळ्यांचा पडदा तपासला का हे दरवर्षी विचारता, आणि नाशकात राहून भाच्याबरोबर वायनरीत जायचं तर मी आपली द्राक्षाचा ज्यूस पीत बसते, लिव्हरपायी.

यंदा नवरात्रात वणीच्या गडाच्या पायऱ्या चढले, रोपवे असताना. उतरताना गुडघा कुरकुरला पण तो वयाचा, आरएचा नाही, डॉक्टरांना विचारून घेतलंय.

काकूंचे दोन्ही ब्लाऊज तयार आहेत, कटोरीचा आणि साधा. हुक-काज मी स्वतः केलंय, हाताने. शिलाई घेणार नाही, उगाच वाद घालू नका. आणि हो, फॉलिक अ‍ॅसिड संपत आलंय, शनिवारी येते तेव्हा दोन स्ट्रिपा काढून ठेवा.

तुमची,
रविवारवाली ताई