अनिकेतचे चट्टे

सांगली

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोराला गजकर्ण झालंय," आणि मागून वहिनींचा आवाज आला, "त्याचा टॉवेल वेगळा टाकलाय." अनिकेत तिथेच असणार, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

मागच्या थंडीत आमच्या मृणालचं हेच झालं. आधी बरगडीवर एकच चट्टा, लंबुळका, रुपयाच्या नाण्याहून मोठा. मी लगेच निदान करून मोकळा! नाक्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली, चोळायला लावली. खाज थांबली, तेव्हा स्वतःवर खूशही झालो. दहाव्या दिवशी पोरगी न्हाणीघरातून रडतच बाहेर आली. पाठ, पोट, दंड, सगळीकडे चट्टे. आईने तिचं अंथरूणसुद्धा वेगळं केलं. मावसबहिणीच्या लग्नात ती गळाबंद कुर्ता घालून कोपऱ्यात बसून होती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवा जवळ ओढून मला पहिला चट्टा दाखवला. कडेच्या जरा आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल, बाहेरून चिकटलेली, आतून सुटलेली. मग पाठ दाखवली. मणक्यापासून दोन्ही बाजूंना चट्टे तिरपे उतरत गेलेले. पुस्तकात याला ख्रिसमसचं झाड म्हणतात. मला आपल्या शाळेच्या कुंपणाजवळचा, फांद्या खाली सोडलेला अशोक आठवला.

याचं नाव पिटिरियासिस रोझिया. जिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६० साली ते ठेवलं. साधारण १० ते ३५ वयात होतं. तान्ह्या पोरांना तीन-चार दिवस ताप येतो आणि तो उतरताना अंगावर पुरळ उठतं ना? त्याचे विषाणू, हर्पिसच्या घराण्यातले ६ आणि ७ क्रमांकाचे, बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरून झोपून राहतात. कांजिण्यांचा विषाणू पुढे नागीण होऊन उठतो, तसे हे जागे होत असावेत, असा दाट संशय आहे. आता यात टॉवेलचा काय दोष, सांग!

औषध फारसं लागत नाही. खाजेपुरतं काहीतरी देतात, बाकी सहा-आठ आठवड्यांत आपोआप जातं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग मात्र रेंगाळतात. मृणालचे आंबे येईपर्यंत होते.

पण फोनवरच्या वर्णनावरून मी पुन्हा डॉक्टर व्हायला नको. खरंच गजकर्णही असू शकेल. ते असलं आणि तुम्ही त्याला लावत असाल त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असलं, तर वरून लाली कमी दिसते आणि आत बुरशी फोफावते. म्हणून ट्यूब बंद कर, पण फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव. ते चट्टा खरवडून बुरशी तपासतील. रक्ताची व्हीडीआरएल तपासणीही सांगतील कदाचित, कारण सिफिलिसचं, म्हणजे त्या गुप्तरोगाचं, पुरळ कधीकधी असंच दिसतं. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्यासमोर भुवया उंचावू नकोस, आणि वाटलं तर तू केबिनच्या बाहेर बस. तळहात-तळपायांवर काही उठलं असेल तर आवर्जून सांगायला लाव.

मृणालने दर रविवारी पाठीचे फोटो काढून ठेवले होते. ती आज रात्री अनिकेतला फोन करणार आहे. तो उचलेल एवढं बघ.

तुझा,
बंड्या