मशीन काढल्यावर मूल काय ऐकतं, तेही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत मुलांचं शिल्लक ऐकणं जपण्याबाबत.

महोदय,

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे न ऐकणाऱ्या मुलाला ऐकू यावं म्हणून आतल्या कानात तार घालून बसवलेलं यंत्र; त्याचा बाहेरचा, काढता येणारा भाग म्हणजे प्रोसेसर, आपल्या भाषेत मशीन. सरकारी योजनेतून ते बसवलेल्या मुलाची फाइल चांगली जाडजूड असते. बेरा या श्रवणतपासणीचा रिपोर्ट, सीटी, एमआरआय, लसीकरणाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर. एक कागद मात्र माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक फायलींत नसतो. ऑपरेशन झालेल्या कानाचा, मशीन काढून घेतलेला ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा असला की ऐकू येतो, त्याचा आलेख. तो काढायला कुणी सांगत नाही आणि तो नाही म्हणून कुणाचं बिल अडत नाही. हे पत्र त्या एका कागदासाठी आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात. टाके सुकले की मशीन चालू करणं, त्याचं मॅपिंग म्हणजे मुलाप्रमाणे जुळवणी, वर्षानुवर्षांच्या तपासण्या हे आमच्याकडे येतं. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी मुलाजवळ काय होतं आणि नंतर काय राहिलं, हे बघण्याची सोय आमच्या खोलीत आहे.

इम्प्लांट लागलं म्हणजे मूल ठार बहिरंच असणार, असं लोक धरून चालतात. अधिकारीही त्यातच आले. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना जाड, खालच्या पट्टीचे आवाज थोडेफार ऐकू येत असतात. कॉक्लिआ हा आतल्या कानातला, अडीच वेढ्यांचा इवलासा शंख आहे. त्याच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज टिपले जातात आणि आत टोकाशी खर्जातले. ऐकण्याच्या पेशी सहसा तोंडाकडून मरत जातात. म्हणून अशा मुलाला ‘स’, ‘श’, ‘त’ पोचत नाहीत, पण गणपतीतला ढोल, एसटीचं इंजिन, आजोबांची हाक यातलं काहीतरी पोचतं. शब्द कळत नाहीत, हाक मारली एवढं कळतं. इम्प्लांटची तार शिरते ती शंखाच्या तोंडाकडूनच, आणि मेलेल्या भागातून पुढे सरकत ती जिवंत भागाच्या दिशेनं जाते. तिथे धसमुसळेपणा झाला की उरलेलं ऐकणंही जातं.

हे उरलेलं ऐकणं आमच्या फॉर्मवर दिसतच नाही. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबल म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो ते; डेसिबलचा आकडा जितका कमी, तितकं ऐकणं चांगलं. एका मुलाचा कान ५०० हर्ट्झला ४५ डेसिबल, १००० ला ८५, २००० ला १०५ आणि ४००० ला ११५ असा आहे, असं धरा. सरासरी निघते ८७.५. अर्जावर हाच आकडा जातो. मूल पात्र ठरतं, आणि ठरायलाच हवं, कारण श्रवणयंत्रानं त्याला बोलणं कळणार नाही. पण त्यातले ४५ सरासरीनं गिळून टाकले. फाइल हातात घेणाऱ्याला वाटतं, इथे जपण्यासारखं काही नव्हतंच.

आपण विचाराल, इम्प्लांट बसवल्यावर या ४५ चं काय लोणचं घालायचं? इम्प्लांटच्या तारेवर कंपनीनुसार साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात आणि निरोगी कानातल्या हजारो पेशींचं काम त्यांनी करायचं असतं. शांत खोलीत समोरासमोर बोलणं त्यातून छान कळतं, आणि हे यश मोठंच आहे. गोंगाट, गाणं, आवाजाचा चढउतार यात मात्र इम्प्लांट कमी पडतं. आई विचारतेय की सांगतेय, बाई रागावल्यात की चेष्टा करतायत, हे बरंचसं सुरावरून कळतं आणि तो सूर खालच्या पट्टीत असतो. उरलेलं नैसर्गिक ऐकणं आणि इम्प्लांट दोन्ही एकाच कानात चालवता येतात, हे फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग यांनी १९९९ मध्ये मांडलं. वॉर्सोचे स्कार्झिन्स्की २००२ पासून अर्धवट बहिरेपणाच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया करत आले. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं या पद्धतीच्या यंत्राला २०१४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे मी काही प्रयोगशाळेतली गोष्ट मागत नाही.

दोन मुलींचं सांगते. लहान मुलांची तपासणी आम्ही खेळातून घेतो. मुलानं मणी कानाजवळ धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. पहिली मुलगी ऑपरेशनआधी २५० हर्ट्झला ५० डेसिबलवर न चुकता मणी टाकायची, वर माझ्याकडे बघून हसायची. ऑपरेशननंतर मशीन काढून तीच तपासणी घेतली. मी आवाज वाढवत नेला, ऑडिओमीटरची मर्यादा संपली, आणि मणी तसाच गालाला टेकलेला राहिला. खेळ तिला पक्का आठवत होता. आवाज यायची ती वाट बघत होती. दुसरीचं ऐकणं ५५ वरून ६५ वर गेलं, म्हणजे थोडं गमावलं, बरंचसं राहिलं. तिची आई म्हणाली, “आंघोळीला मशीन काढलं तरी मोठ्यानं हाक मारली की वळते.” आंघोळ, झोप, उतरलेला चार्ज, दुरुस्तीला गेलेला प्रोसेसर आणि त्या काळातली शाळा, असे बिनमशीनचे तास या मुलांच्या आयुष्यात थोडेथोडके नसतात. दोघींचीही ऑपरेशनं सरकारी नोंदीत ‘यशस्वी’ आहेत, आणि एका अर्थानं ती आहेतच. दोघींनाही इम्प्लांटवर बोलणं कळतं. त्यांच्यातला फरक नोंदवायला आपल्या फॉर्मवर रकाना नाही, एवढंच.

शस्त्रक्रियेत काय करायचं हे सर्जनना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, तरी आपल्यासाठी थोडक्यात लिहिते. हॅनोव्हरच्या लेनहार्ट यांनी ‘सॉफ्ट सर्जरी’ मांडली १९९३ मध्ये. आज ती ज्या रूपात करतात, त्याचा गाभा साधा आहे. आतला कान उघडायचा तो जमेल तिथे राउंड विंडो या नैसर्गिक खिडकीतून, आणि तोही तार आत घालायच्या अगदी आधी. रक्त आणि हाडाचा भुसा आत जाऊ द्यायचा नाही. आतलं पाणी सक्शननं ओढायचं नाही. तार मऊ, बारीक असावी आणि ती सावकाश सरकवावी. काही सेकंदांत ढकलून मोकळं व्हायचं नाही, एखाद-दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ द्यायचा. घाई झाली तर आत दाब वाढतो, तार दुमडते, प्रसंगी मधला पडदा फोडून वरच्या पोकळीत घुसते. सोबत स्टेरॉइड द्यायचं, म्हणजे सूज आणि नंतर आत धरणारी खपली कमी राहते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तर आपल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात सापडेल. तार आत जाताना कानाचा प्रतिसाद त्याच तारेतून ऐकण्याचं तंत्रही आता आहे. प्रतिसाद कमी व्हायला लागला की सर्जनला थांबता येतं. तार सरकवणारे रोबोही निघालेत, पण ते मी मागत नाही. आधी जे फुकटात होण्यासारखं आहे ते सगळीकडे होऊ दे.

तारेच्या लांबीचा मुद्दा मात्र जरा नाजूक आहे आणि तो खरेदीशी जोडलेला आहे. आखूड तार जिवंत भागापर्यंत जात नाही, ऐकणं जपायला ती बरी. पण पुढे ते ऐकणं आपोआप गेलं, आणि काही मुलांचं जातंच, तर आखूड तार अपुरी पडते. लांब तारेचं उलट. कोणती घालायची हे त्या मुलाचा ऑडिओग्राम, सीटी आणि ऐकणं किती वेगानं घसरतंय ते बघून ठरवायला हवं. निविदेत सगळ्यात स्वस्त एकच मॉडेल पास झालं, तर हा निर्णय सर्जनच्या ऐवजी भांडार विभागानं घेतलेला असतो. शिवाय ऐकणं वाचवून त्याचा उपयोग करायचा, तर प्रोसेसरला आवाज मोठा करून देणारा भाग जोडता यायला हवा. तो यादीत नसेल तर वाचवलेलं ऐकणं दिवसभर पडून राहतं. जाता जाता, दुसऱ्या कानातल्या श्रवणयंत्राबद्दलही बोलते. इम्प्लांट झालं की ते कपाटात जातं, कारण ते चालू ठेवा असं घरच्यांना कुणी सांगत नाही. ही चूक सुधारायला तर पैसाही लागत नाही.

या पत्रानं कुणी आईबाप घाबरू नयेत, म्हणून हेही लिहिते. ज्या बाळाला दोन्ही कानांनी काहीच प्रतिसाद नाही, त्याच्यासाठी वेळेवर ऑपरेशन ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. शिल्लक ऐकणं जाईल या भीतीनं तारीख पुढे ढकलू नका. उत्तम हातांनी, सगळी काळजी घेऊन केलेल्या ऑपरेशननंतरही काहींचं ऐकणं जातं. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी, आत खपली धरून किंवा नवं हाड वाढून. गेलं तरी इम्प्लांट आपलं काम करतं.

त्यामुळेच उरलेल्या ऐकण्याचा हा आकडा सर्जनांच्या मूल्यमापनाला जोडू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जोडलात तर थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलांना हात लावायलाच कुणी तयार होणार नाही आणि ती मुलं श्रवणयंत्रावर वर्षं काढतील. आकडा जमा होऊ दे. तो सर्जनसमोर नियमित गेला की हात आपोआप हलके होतील. आपण काय वाचवलं आणि काय गेलं, हे आज त्यांनाही कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हिशेबात यावी. दोन वर्षांच्या मुलाला बसवलेलं इम्प्लांट जन्मभर चालत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते एकदा तरी, कदाचित अधिक वेळा बदलावं लागेल, आणि प्रत्येक वेळी नवी तार त्याच शंखात जाणार. आतली रचना पहिल्या खेपेला शाबूत राहिली असेल तर पुढचं काम सोपं. शिवाय ओटोफर्लिन या जनुकातल्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या मुलांवर जनुकीय उपचार करून त्यांना ऐकू आल्याचे निष्कर्ष २०२४ च्या जानेवारीत चीनमधून प्रसिद्ध झाले. तो उपचार एकाच जातीच्या बहिरेपणावरचा आहे, आपल्या मुलांपर्यंत कधी येईल ते आज कुणी सांगू नये. पण असे उपचार ज्या पेशींवर चालतात, त्या पेशी कानात असाव्या लागतात.

मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत पहिल्यापासून आहे. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतल्या इम्प्लांटचं काम बघणारी अली यावर जंग संस्था वांद्र्याला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांचं खातं वेगळं, दिव्यांगांचं वेगळं, आपलं वेगळं, हे मला माहीत आहे. फाइल तिन्हीकडे फिरते. तरी शोधमोहीम आणि जिल्हा केंद्रं आपल्याकडे आहेत, तेव्हा एक परिपत्रक आपण काढू शकता.

त्यात इतकंच असावं. ऑपरेशनआधी दोन्ही कानांचा वेगवेगळा ऑडिओग्राम, सरासरी न काढता, २५० आणि ५०० हर्ट्झसकट फाइलला लावावा. मूल लहान असेल तर जमेल त्या तपासणीचा पट्टीनुसार निकाल लावावा. ऑपरेशनच्या नोंदीत तार कोणत्या वाटेनं घातली, कोणत्या लांबीची होती आणि स्टेरॉइड दिलं का, या तीन ओळी असाव्यात. मशीन चालू करताना, नंतर सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्या कानाची तपासणी मशीन काढून परत घ्यावी. किती टक्के ऐकणं राहिलं हे मोजण्याचं सूत्र हिअरिंग ग्रुप या इम्प्लांट केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ मध्येच दिलं आहे, नवी समिती नेमायची गरज नाही. सर्जननं संमतिपत्रावर सही घेताना ‘उरलेलं ऐकणं जाऊ शकतं’ हे वाक्य मराठीत, तोंडी समजावून सांगावं. आज ते बारीक अक्षरांत असतं आणि पालक त्याखाली अंगठा उठवून मोकळे होतात.

तपासणीला एका मुलामागे साधारण अर्धा तास लागतो. ऑडिओमीटर आमच्याकडे आहे, मणी आणि डबाही. फॉर्मचा मसुदा मी एका पानात बसवला आहे. आपल्या कार्यालयानं कळवलं की पाठवते.

आपली विश्वासू,
जिल्ह्याच्या गावी काम करणारी एक ऑडिओलॉजिस्ट